मूळपेशींच्या उपचाराने मुलांचा दमा बरा होतो का?

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीला दमा आहे. रोज स्टेरॉइडचा इनहेलर घेतल्यावर तिला त्रास होत नाही. स्टेम सेल (मूळपेशी) दिल्यास प्रतिकारशक्ती सुधारून दमा कायमचा जातो, असे एका परिचितांनी सांगितले. तसे करून इनहेलर थांबवता येईल का?

उत्तर : इनहेलर थांबवू नका, हे आधी सांगणे मला अत्यंत आवश्यक वाटते.

मुलांच्या दम्यात बहुधा प्रतिकारशक्ती दुबळी नसते, तर ती परागकणांसारख्या निरुपद्रवी गोष्टींवरही तुटून पडते. अशा वेळी टी-हेल्पर 2 या प्रतिकारपेशींमधून इंटरल्यूकिन नावाची संदेशवाहक प्रथिने स्रवतात. त्यांतील इंटरल्यूकिन 4 मुळे ॲलर्जीची प्रतिपिंडे वाढतात, इंटरल्यूकिन 5 मुळे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी श्वासनलिकांत गोळा होतात, आणि इंटरल्यूकिन 13 मुळे चिकट स्राव वाढून नलिका अधिक संवेदनशील होतात. या सगळ्याला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशीही शरीरात असतात. त्यांच्याशी संबंधित शोधांसाठीच 2025 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मेरी ब्रंकोव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना मिळाले.

दम्यासाठी अभ्यासल्या जाणाऱ्या मूळपेशी मुख्यतः अस्थिमज्जा, चरबी किंवा नाळेतून मिळवलेल्या मेसेन्कायमल (संयोजी ऊतींच्या) पेशी असतात. त्या नवे फुफ्फुस घडवत नाहीत. शिरेतून दिल्यावर त्यांतील बहुतेक फुफ्फुसांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून लवकरच नष्ट होतात, पण तेवढ्या अवधीत प्रोस्टाग्लँडिन ई 2, टीजीएफ-बीटा यांसारखी द्रव्ये सोडून नियामक पेशींना बळ देतात. ॲलर्जिक दमा असलेल्या उंदरांत यामुळे दाह, म्हणजे श्वासनलिकांची सूज, कमी झालेला अनेकदा दिसला आहे, आणि ही संशोधनाची दिशा मला खरोखर आशादायक वाटते. परंतु उंदरांतला दमा प्रयोगशाळेत काही आठवड्यांत घडवलेला असतो, तर मुलांचा दमा वाढत्या फुफ्फुसांबरोबर वर्षानुवर्षे बदलत जातो; म्हणून एकावरून दुसऱ्याविषयी निष्कर्ष काढता येत नाही. मुलांच्या दम्यावरील मान्यताप्राप्त उपचारांत मूळपेशींचा समावेश नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर 2024 मध्ये मुलांसाठी मेसेन्कायमल पेशींचे एक औषध मान्य केले, परंतु ते अस्थिमज्जेसारख्या रोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्या अवयवांवर हल्ला करतात त्या गंभीर आजारासाठी आहे.

इनहेलरमधील स्टेरॉइड थेट श्वासनलिकांत, अगदी अल्प मात्रेत पोहोचते. ते अचानक बंद केल्यास दाह पुन्हा उसळून तीव्र झटका येऊ शकतो. त्याने भागत नाही अशा गंभीर दम्यासाठी ओमॅलिझुमॅबसारखी, नेमक्या याच साखळीवर काम करणारी औषधे सहा वर्षांपासून देता येतात. आपल्या मुलीचा दमा सलग तीन महिने पूर्ण आटोक्यात असेल, तर इनहेलरची मात्रा कमी करता येईल का, हे तिच्या डॉक्टरांना अवश्य विचारा.