आठ भागिले तीन

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत फोर्जिंग शॉपमध्ये कामाला आहे. मुलगी अकरावी सायन्सला. हॅमरखाली तापलेल्या जॉबवरून काळी पपडी उडते, ती म्हणजे मॅग्नेटाइट, असं ती म्हणते. त्यात लोखंडाचा ऑक्सिडेशन नंबर 8/3 येतो. इलेक्ट्रॉन अर्धामुर्धा जातो की काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : इलेक्ट्रॉनचा तुकडा पडत नाही, तेवढं तिला आधी सांगा.

ऑक्सिडेशन नंबर हा कागदावरचा हिशेब आहे. दोन वेगळ्या मूलद्रव्यांच्या बंधातले इलेक्ट्रॉन असतात सामाईक. आपण मात्र ते सगळेच्या सगळे जास्त ओढणाऱ्या अणूच्या नावावर चढवतो आणि मग कुणावर किती भार येतो ते बघतो. विहीर दोघं भाऊ उपसतात, सातबाऱ्यावर नाव एकट्या थोरल्याचं, तसलाच प्रकार. ऑक्सिजन बहुतेक ठिकाणी थोरला, म्हणून -2. फ्लुओरिनपुढं त्याचंही चालत नाही, तिथं तो मुकाट्यानं +2 होतो.

मॅग्नेटाइटमध्ये लोखंडाचे तीन अणू, ऑक्सिजनचे चार. चौघांचे मिळून -8, म्हणजे लोखंडाच्या तिघांवर मिळून +8. आम्ही मास्तर लोक तीननं भागून मोकळे होतो. 8/3 ही नुसती सरासरी. खरं तर एक अणू +2 आणि दोन +3.

तरी पोरीची शंका अगदीच वावगी नाही. एक +3 आपल्या वेगळ्या जागी पक्का बसलेला असतो. उरलेला +3 आणि तो +2 यांच्यात मात्र एक इलेक्ट्रॉन सारखा इकडून तिकडं उड्या मारतो. त्यामुळं त्यातला +2 कुठला, हे बोट ठेवून सांगता येत नाही, आणि म्हणूनच मॅग्नेटाइटमधून वीज बऱ्यापैकी वाहते. उणे 150 अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केलं की वहन एकदम पडतं. डच शास्त्रज्ञ व्हेरवे यांनी 1939 मध्येच याचं कारण या उड्या थांबण्याशी जोडलं होतं. नेमकं काय घडतं यावर पुढं कित्येक वर्षं वाद चालले.

आता तुमची पपडी. ती निव्वळ मॅग्नेटाइट नव्हे. धगधगत्या लोखंडाला लागून +2 लोखंडाच्या ऑक्साइडचा जाड थर, त्यावर मॅग्नेटाइट, आणि हवेच्या बाजूला +3 चा पातळ पापुद्रा. आत ऑक्सिजन कमी पोचतो, म्हणून नंबर बाहेर जाताना चढत जातो. थंड झालेली एक खपली कागदावर ठेवून खालून लोहचुंबक फिरवा. ती मागोमाग सरकेल, आणि ते मुख्यतः मधल्या थरामुळं.