गडग्यालगतचे खांबनिवडुंग : जाती दोन की एकच?

प्रश्न : आमच्या परसात चिऱ्याच्या गडग्यालगत खांबासारखे वाढणारे दोन निवडुंग आहेत. एक निळसर, सहा कंगोऱ्यांचा आणि आखूड काट्यांचा. दुसरा गर्द हिरवा, पाच कंगोऱ्यांचा आणि लांब काट्यांचा. नर्सरीवाले पहिल्याला ‘पेरूव्हियानस’ म्हणतात आणि दुसऱ्याला संकर. खात्री कशी करावी?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : प्रथम नखाने हलकासा ओरखडा काढून पाहा. पांढरा चीक आला, तर ते झाड आपल्याकडे वईला लावतात त्या तीनधारी निवडुंगाच्या गोत्यातले, म्हणजे युफोर्बिया आहे; हा चीक डोळ्यांना फार त्रास देतो, म्हणून हात लगेच धुवावेत. खऱ्या निवडुंगाला चिकट पाणी सुटते आणि त्याचे काटे कंगोऱ्यावरच्या लवदार टिकलीतून झुपक्याने निघतात.

झाडे सेरियस या खांबासारख्या निवडुंगांच्या प्रजातीतली निघाली (नर्सरीवाल्यांचा ‘पेरूव्हियानस’ही याच प्रजातीतला), तर कंगोऱ्यांच्या संख्येवर फार विसंबू नये, कारण एकाच झाडाच्या बुंध्याशी पाच आणि शेंड्याकडे सहा कंगोरे असू शकतात. निळसरपणा हा वरच्या मेणाचा असतो. कोवळ्या भागावर अंगठा घासला की खालचा हिरवा रंग उघडा पडतो आणि जुन्या खोडावर हे मेण उरत नाही. फणसाच्या सावलीतले झाड बारीक आणि लांबट होते, तर पावसात फुगलेल्या खोडाचे कंगोरे उथळ दिसतात. काट्यांची लांबीही वयाप्रमाणे बदलते. ‘पेरूव्हियानस’ हे नाव तर बाजारात इतके सैलपणे वापरले जाते की त्या नावाखाली विकले जाणारे बरेचसे निवडुंग प्रत्यक्षात ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना या पट्ट्यातल्या सेरियस हिल्डमॅनियानस जातीचे असतात.

निळा आणि हिरवा यांच्या मधला दिसला की तो संकर, हे गणित रंगपेटीपुरते ठीक आहे. संकरासाठी दोन वेगळी झाडे एकाच रात्री फुलावी लागतात, कारण सेरियसचे फूल रात्री उमलते आणि सकाळी उन्हे चढली की मिटते. शिवाय त्यातून बी रुजून रोप व्हावे लागते. आपल्याकडे ही झाडे बहुधा फांदी लावूनच वाढवतात, त्यामुळे गावभरचे निवडुंग एकाच झाडाचे तुकडे असणे सहज शक्य आहे. तशा झाडांना भरपूर फुले येऊनही फळ धरत नाही, कारण हिल्डमॅनियानसला स्वतःचा पराग चालत नाही. नर्सरीत बियांपासून केलेले रोप संकर असू शकते, परंतु आईबाप माहीत नसताना नुसत्या रूपावरून तसे ठामपणे सांगणे मला धाडसाचे वाटते.

फूल आले की त्याची नळी पाहा : सेरियसची नळी गुळगुळीत असते, तशाच खांबासारख्या दुसऱ्या प्रजातींपैकी ट्रायकोसेरियसची केसाळ, आणि पायलोसोसेरियसमध्ये फुलाजवळच्या टिकल्यांवर लोकरीसारखे पुंजके दिसतात.

तोवर एक प्रयोग करता येईल. दिवाळीनंतर दोन्ही झाडांची हातभर लांब फांदी कापून, जखम आठ-दहा दिवस सावलीत सुकू द्यावी आणि दोन्ही तुकडे एकाच उन्हात, एकाच मातीत शेजारी लावावेत. नवी वाढ हातभर झाली की फक्त तिचीच तुलना करावी. ती सारखी निघाली, तर दोन जातींचा संशय सोडून द्यायला हरकत नाही.