'हवामानबदल', 'वातावरणीय बदल' की 'जलवायू परिवर्तन'?

पर्यावरणीय मानव्यविद्येचा (पर्यावरणाकडे साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांच्या अंगाने पाहणाऱ्या शाखेचा) पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीला श्रीवर्धन परिसरातील बागायतदारांच्या मुलाखतींवर मराठीत प्रबंधिका लिहायची आहे. इंग्रजीतील 'क्लायमेट चेंज'साठी शीर्षकात वरील तिन्हींपैकी कोणता शब्द घ्यावा, तो जोडून लिहावा की तोडून, आणि तिन्हींचा अर्थ एकच आहे का, असे तिने विचारले आहे.

माझा कौल 'हवामानबदल' या शब्दाला आहे, आणि तोही जोडूनच. आपल्या शालेय भूगोलात 'हवा' आणि 'हवामान' यांत भेद केलेला असतो: एखाद्या ठिकाणची त्या त्या वेळची वातावरणाची स्थिती म्हणजे हवा, आणि दीर्घकाळच्या निरीक्षणांतून निघणारी सरासरी स्थिती म्हणजे हवामान. पाऊसमान, आयुर्मान, राहणीमान या शब्दांत 'मान' ज्या प्रमाणाच्या अर्थाने येते, त्याच अर्थाने ते येथेही आले आहे. जागतिक हवामान संघटना ही सरासरी ३० वर्षांची धरते. सध्याचा कालखंड १९९१ ते २०२० हा आहे. 'निसर्ग' हे चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, ही हवेची गोष्ट झाली. अरबी समुद्राचे पाणी गेल्या काही दशकांत तापत गेले आणि तेथे तीव्र वादळे वाढली, ही हवामानाची.

अडचण अशी, की व्यवहारात हा भेद कोणी पाळत नाही. १८७५ साली स्थापन झालेले आपले हवामान खाते उद्याच्या पावसाचा जो अंदाज देते, तो हवेचा असूनही हवामानाचाच म्हटला जातो. वर्तमानपत्रात 'बदलत्या हवामानामुळे सर्दी-खोकल्याचे रुग्ण वाढले' असे छापून येते, तेव्हा चार दिवसांच्या ढगाळ हवेपलीकडे कोणाच्या मनात काही नसते. त्यामुळे शीर्षकात 'बदलते हवामान' मात्र टाळावे.

जोडून लिहिण्याचे कारण सरळ आहे. हवामानातील बदल असा त्याचा विग्रह होतो, म्हणजे हा समास आहे, आणि मराठीत सामासिक शब्द अखंड लिहितात. तोडून लिहिलेले 'हवामान बदल' एखाद्या चोखंदळ वाचकाला आज्ञार्थीही वाटू शकेल!

'वातावरणीय बदल' हा शब्द राज्य शासनाच्या पर्यावरण विभागाच्या नावात आहे, त्यामुळे शासकीय कागदपत्रांचा उल्लेख करताना तो तसाच ठेवावा. परंतु वातावरण म्हणजे पृथ्वीभोवतीचे हवेचे आवरण. समुद्राचे तापणे, हिमनद्यांचे मागे सरणे हेही ज्या संकल्पनेत येते, तिला हा शब्द अपुरा पडतो; शिवाय निवडणुकीचेही वातावरण असतेच. 'जलवायू परिवर्तन' हिंदीतून आले. केंद्रीय मंत्रालयाच्या हिंदी नावात २०१४ पासून ते आहे. 'आबोहवा' या फारसी जोडशब्दाच्या धर्तीवरच 'जलवायू' घडलेला आहे, आणि त्यात दोष काही नाही. पण ज्या भाषेत एखाद्या गावचे हवापाणी मानवते किंवा पाणी लागते, तिने 'जलवायू' उसना का घ्यावा?

खरे जपायचे आहे ते शीर्षकापेक्षा आतल्या मजकुरात. 'मृग कोरडा गेला', 'अवकाळीने मोहोर गळाला', 'पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही' असे बागायतदार म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडी 'हवामानबदल' घालू नये. 'अवकाळी' म्हणताना पावसाला ठरलेला काळ असतो हे त्याने गृहीत धरलेले असते, आणि 'मृग कोरडा' म्हणताना नक्षत्रांच्या पंचांगाशी पाऊस ताडून पाहिलेला असतो. कारण मात्र त्याने सांगितलेले नसते. संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या हवामानविषयक करारात मानवी व्यवहारांमुळे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे होणाऱ्या बदलालाच 'हवामानबदल' ही संज्ञा लावली आहे. म्हणजे हा शब्द नकळत कारणही सांगून टाकतो. मुलाखतीतील शब्द मुलाखतीत आणि संज्ञा विवेचनात ठेवली, की दोहोंमधील अंतरच अभ्यासाचा विषय होऊ शकते, आणि मानव्यविद्येचे काम तेथेच सुरू होते.

आता राहिले अभ्यासशाखेचे नाव. 'पर्यावरणशास्त्र' म्हटले की विज्ञानशाखेतील विषय समोर येतो आणि 'मानवशास्त्र' ही तर वेगळीच विद्याशाखा आहे. त्यामुळे साहित्य, इतिहास आणि तत्त्वज्ञान यांना सामावणारी 'पर्यावरणीय मानव्यविद्या' ही वर वापरलेली संज्ञा मला योग्य वाटते. विशेषण हवे असल्यास 'हवामानबदलविषयक' लिहावे, 'हवामानबदलीय' नको. शीर्षक 'श्रीवर्धनच्या वाड्या आणि हवामानबदल: बागायतदारांच्या आठवणींचा अभ्यास' असे काहीसे करता येईल.