आमरी की बांडगूळ?

एका ताईंनी विचारलंय: गुजरातेतल्या जांबुघोड्याच्या अभयारण्यात मोहाच्या फांदीवर जाड पांढरट मुळांचं, फुललेलं रोप दिसलं. पिवळट-तपकिरी पाकळ्यांवर चौकटीची नक्षी, मधली पाकळी जांभळी. सासूबाई म्हणाल्या बांडगूळ, गाडीवाला म्हणाला वांदो, लेक म्हणते ऑर्किड. मराठीत काय म्हणावं?

ताई, आमरी म्हणा. ऑर्किड म्हटलं तरी चालेल. बांडगूळ मात्र म्हणू नका, तो तिच्यावर अन्याय होईल.

घोळ जुना आहे. अमरकोशात वन्दा, वृक्षादनी, वृक्षरुहा, जीवन्तिका ही नावं एकत्र येतात. वृक्षादनी म्हणजे झाड खाणारी, वृक्षरुहा म्हणजे झाडावर वाढणारी. मला तर सगळं उत्तर या दोन शब्दांतच सापडतं. बांडगूळ खरोखर वृक्षादनी: त्याची मुळं फांदीच्या आत शिरून रस ओढतात, जोडाशी गाठ फुगते. आपल्याकडच्या जुन्या आंब्यांवर नीट पाहा, दिसेल. आमरी नुसती वृक्षरुहा. तिची मुळं सालीला घट्ट धरतात, आत घुसत नाहीत. पांढरट दिसतं ते स्पंजासारखं आवरण. पावसाचं पाणी ते टिपून घेतं आणि भिजलं की हिरवट दिसतं. झाडाकडून तिला हवी असते फक्त बसायला जागा. शास्त्राच्या मराठीत अशांना अपिवनस्पती म्हणतात.

गाडीवाल्याचा वांदो म्हणजे गुजरातीतलं बांडगूळच, त्या वन्दाच्या घरातला शब्द. गंमत अशी की अठराव्या शतकाच्या अखेरीस संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी हाच संस्कृत शब्द उचलून आमरींच्या एका वंशाला (genus) 'वांडा' नाव दिलं. म्हणजे बांडगुळाचं नाव आमरीला चिकटलं ते थेट जगभरच्या पुस्तकांत! तुमच्या वर्णनावरून तुम्ही पाहिलेली आमरी वांडा टेसेलाटा वाटते. टेसेलाटा म्हणजे चौकटी-चौकटीची.

औषधांत तिला रास्नाही म्हणतात, पण ते नाव जपून वापरा. बंगालमध्ये रास्ना म्हणजे हा वांडा, दक्षिणेत कुलिंजन, आणि गांधीच्या, म्हणजे जडीबुटी विकणाऱ्याच्या, दुकानात मागितलीत तर तिसरंच काही पुडीत येईल.

आणि सह्याद्रीत हिच्याच कुळातली एक आमरी गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लांब घोस सोडते, तिला 'सीतेची वेणी' म्हणतात. हे नाव लेकीला जरूर सांगा.