डोळे मिटले की ऑफिसच दिसतं

"रोज दहा मिनिटं ध्यानाला बसते आणि उठते ती आणखी वैतागून. डोळे मिटले की ऑफिसच दिसतं. मला हे जमणारच नाही का?" ग्राहकसेवा विभागात टीम लीडर असलेल्या एक बाई आमच्याकडे पहिल्या भेटीत म्हणाल्या. रात्री दोन-अडीचला जाग यायची, मग राहिलेली कामं एकेक करून आठवायची. ही तक्रार फार जणांची असते.

त्यांचं ध्यान चुकत नव्हतं, त्याकडून केलेली अपेक्षा चुकत होती. सजगतेत, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे लक्ष देण्याच्या या ध्यानात, मन कोरं करायचं नसतं. ते भरकटलंय हे लक्षात येणं आणि स्वतःवर न चिडता त्याला परत आणणं, एवढाच सराव. मन चाळीस वेळा पळालं तर चाळीस वेळा सराव झाला.

शिवाय लॅपटॉप मिटला की त्या लगेच ध्यानाला बसायच्या. अर्धवट कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असं मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं होतं. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ मधल्या प्रयोगांत तर असं दिसलं की काम पुरं झालं नाही, पण ते कसं करायचं हे नेमकं ठरवलं, तरी त्याचे विचार मध्ये मध्ये येणं कमी होतं. म्हणून क्रम बदलला: आधी राहिलेली कामं कागदावर, मग श्वास.

पहिल्या आठवड्यात कागदाचाही उपयोग झाला नाही. वही उघडून पाहिली तर ओळ होती, 'तक्रारींचं बघणे'. एवढ्यावर मन काम खाली ठेवत नाही, कारण नेमकं काय करायचं ते त्यात ठरलेलंच नाही. ती ओळ अशी झाली: 'उद्या दहा वाजता तक्रारींची फाइल उघडून पहिल्या पाच ग्राहकांना फोन.' निघण्याआधी दहा मिनिटं, प्रत्येक कामाची फक्त पुढची पायरी आणि तिची वेळ.

त्यानंतर तीन मिनिटं खुर्चीतच, डोळे उघडे, दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं लांब. त्यांना सुरुवातीला गरगरलं, कारण त्या जोर लावून खोल श्वास ओढत होत्या. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास नेहमीएवढाच हवा, फक्त सावकाश.

तिसऱ्या आठवड्यात वहीनेच वेगळी गोष्ट दाखवली. तीच चार कामं रोज पुढच्या पानावर सरकत होती. हा मनाचा दोष नव्हे, तो कामाचा बोजा आहे आणि त्यावर श्वासाचा व्यायाम देणं हा चुकीचा उपचार आहे. हे आम्ही ठासून सांगतो, कारण माणसं अशा वेळी स्वतःलाच कमकुवत ठरवतात. त्यांनी दोन आठवड्यांची पानं वरिष्ठांपुढे ठेवली आणि विचारलं, "यातलं कोणतं मागे ठेवू?" "मला झेपत नाही" यापेक्षा या प्रश्नाला उत्तर देणं सोपं जातं. एक साप्ताहिक अहवाल दुसऱ्याकडे गेला.

(दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर या उपायांत वेळ घालवू नका. डॉक्टरांना भेटा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी.)

जाग अजूनही अधूनमधून येते. तेव्हा उशाशी फोनऐवजी वही असते. एक ओळ लिहून त्या दिवा मालवतात. श्वासाची तीच तीन मिनिटं दुपारच्या मीटिंगआधीही करायची होती, पण ती वारंवार सुटत होती; ती आता पाण्याची बाटली भरण्याशी जोडली आहेत.