वाकून नमस्कार आणि मिस्टर प्रेसिडेंट

प्रिय मनू,

शनिवारी भाऊकाकांकडून निघाल्यावर गाडीत तू विचारलंस, "बाबा, आमच्या टीचर म्हणाल्या वॉशिंग्टनला राजासारखं वागवून घ्यायचं नव्हतं, म्हणून नुसतं मिस्टर प्रेसिडेंट. मग मी सगळ्यांच्या पाया का पडायचं? ते काय राजे आहेत?" मी "घरी गेल्यावर बोलू" म्हणालो आणि रेडिओ लावला. तुझ्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. (हे मराठीत लिहितोय. अडलीस तर आईला विचार.)

रात्री तुझं पुस्तक घेऊन बसलो. मग आणखी थोडं वाचलं. ३० एप्रिल १७८९ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेचा पहिला अध्यक्ष म्हणून वॉशिंग्टनची शपथ झाली आणि इकडे सिनेट या माणसाला हाक कशी मारायची यावर भांडत होती. उपाध्यक्ष जॉन ॲडम्सचं म्हणणं, नुसता प्रेसिडेंट काय, तो तर क्रिकेट क्लबलाही असतो! (हे वाचून मी एकटाच हसलो.) सिनेटच्या समितीनं काढलेलं नाव बघ: 'हिज हायनेस, द प्रेसिडेंट ऑफ द युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका, अँड प्रोटेक्टर ऑफ देअर लिबर्टीज'. हाऊस (संसदेचं दुसरं सभागृह) मात्र साध्या नावावर अडून राहिलं आणि १४ मेला सिनेटनं माघार घेतली. म्हणजे श्रेय हाऊसचं जास्त.

आणि वॉशिंग्टन शेकहँड करत नसे, हे सांगितलं का टीचरनी? दर मंगळवारी दुपारी लोक भेटायला येत, तेव्हा तो काळ्या मखमली पोशाखात, कमरेला तलवार लावून उभा राहायचा आणि वाकायचा. शेकहँड आणला पुढे तिसरा अध्यक्ष जेफरसननं. बघ, सगळ्यांना अरे-तुरे करतोय मी. आप्पांनी कान पिळला असता.

आप्पांना आम्ही 'अहो आप्पा' म्हणायचो, स्वयंपाकघरातसुद्धा. दसऱ्याला वाईच्या वाड्यात आपट्याची पानं घेऊन ओळीनं जायचं: आधी देव, मग माझी आजी, आप्पा, थोरली आत्या. आत्या रुपया द्यायची, तिच्यापाशी मी दोनदा वाकायचो. आप्पा काहीच द्यायचे नाहीत. नुसता हात डोक्यावर, तपकिरीचा वास येणारा. त्यांनी आम्हाला कधी जवळ घेतलं नाही, तशी पद्धतच नव्हती. दसरा, पाडवा आणि निकाल, एवढ्याच वेळा तो हात. वाकल्याशिवाय तो मिळाला नसता. तुला मी येता-जाता मिठी मारतो, मग तुला याचं काय अप्रूप?

पण सखूबाईही आठवतात. भांडी घासायला यायच्या, आजीपेक्षा मोठ्या. त्यांना आम्ही पोरं 'ए सखू' म्हणायचो आणि सोनं द्यायला कुणी पाठवलं नाही. वयाचा मान वगैरे मी तुला सांगायला लागलो की त्या मध्ये येतात. वॉशिंग्टनच्याही घरी गुलाम होते. राजधानी फिलाडेल्फियाला गेल्यावर, तिथे सहा महिने सलग राहिले तर कायद्यानं ते मोकळे होऊ शकत होते, म्हणून त्यांना मधेच बाहेर नेऊन आणायचे. ओनी जज नावाची तरुणी १७९६ मध्ये तिथून पळाली. त्यानं माणसं पाठवली, ती परतली नाही. टीचरना विचार तिच्याबद्दल.

तरी त्याची एक अडचण मला आपली वाटली. तो जे पहिल्यांदा करेल तेच पुढे रीत होणार, हे त्याला कळत होतं. खात्याच्या प्रमुखांकडून लेखी मत मागवावं एवढंच घटनेत होतं. त्यानं जेफरसन, हॅमिल्टन, नॉक्स, रँडॉल्फ यांना एकत्र बसवायला सुरुवात केली, तेच कॅबिनेट. ऑगस्ट १७८९ मध्ये तहाचा सल्ला घ्यायला स्वतः सिनेटमध्ये गेला. ते म्हणाले, समितीकडे देऊ. हा चिडला, आणि समोर बसून सल्ला घ्यायची पद्धत तिथेच बारगळली. दोन टर्म झाल्यावर घरी गेला, तेही कुठे लिहिलेलं नव्हतं. पुढे फ्रँकलिन रूझवेल्ट चारदा निवडून आल्यावर, १९५१ मध्ये, ते घटनेत आलं.

तू दोन वर्षांची असताना पहिल्यांदा 'ए बाबा' म्हणालीस. फोनवर आजी गप्प झाली. मी आणि आईनं एकमेकांकडे बघितलं आणि तुला काही म्हटलं नाही. मग धाकट्यानंही तेच उचललं. आता तू मला 'अहो' म्हणालीस तर मीच घाबरेन.

मे महिन्यात आजी येतेय. एअरपोर्टवर वाकायचं की नाही ते तू ठरव. शेकहँड केलास तर ती काय करते, हे बघायची मलाही उत्सुकता आहे. या वेळी मी डोळ्यांनी खुणा करणार नाही. केल्याच, तर तिकडे बघू नकोस.

तुझा
बाबा