बहिणी, महत्त्वाकांक्षा आणि रंगमंच यावरचा जुना हॉलिवूडपट सुचवाल का?

'द हार्ड वे' (१९४३) बघा. धुरकट गावात अडकलेली हेलन धाकट्या केटीला स्टेजवर ढकलते आणि आड येईल त्याला बाजूला सारते. ठिणगी पडते ती एका पांढऱ्या ड्रेसवरून: शाळेच्या निरोप समारंभासाठी केटीला तो हवाय, हेलनचा नवरा पैसे द्यायला तयार नाही. हेलनचं काम करणाऱ्या आयडा लुपिनोला न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी त्या वर्षीची सर्वोत्तम अभिनेत्री ठरवलं. मला मात्र चटका लावून गेला जॅक कार्सन. एरवी विनोदी नट. इथे केटीचा नवरा, बायकोचं नाव होत जातं तसा खचत जाणारा. गाणी ठीकठाक. शेवट सांगत नाही, पण पहिला सीन चुकवू नका.